मास्तरांचा प्रायव्हेट नंबर

हिरालाल रामटेक्यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या गाड्या सोडल्या आणि त्यातली एकही चुकीच्या लायनीवर गेली नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, कारण त्यांच्याआधी त्यांची बायको अंजनाबाई सांगून मोकळी होई. स्टेशन मास्तर म्हणून ते निवृत्त झाले आणि रायपूरला बुढापारा नावाच्या जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. मुलगा यशदीप जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंजिनीअर, मुलगी मोनाली लग्न होऊन हैदराबादला. सगळं अगदी रुळावर होतं. आणि असा हा माणूस गेले चार महिने स्वतःच्या घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हता.

झालं होतं ते सदर बाजारात. मे महिन्यात नातीसाठी चांदीचे वाळे घ्यायला मास्तर गेले होते. पुढून स्कूटर, मागून स्कूटर, बाजूनं हातगाडी, प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. अचानक छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपण संपलो असं त्यांना वाटलं. सराफाच्या दुकानाच्या पायरीवर ते मटकन बसले. सराफानं पाणी दिलं, कोणीतरी रिक्षा आणली. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, आणि हृदय तर अगदी ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की ही घबराहट आहे, एखाद्या समुपदेशकाशी बोला. मास्तरांना वाटलं, यापेक्षा हृदय बिघडलं असतं तर बरं. निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून ते घरात होते. फाटकापाशी जायचे, कडीला हात लावायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत यायचे. गल्लीत ते कोणाला सांगत नव्हते, पण घरात सगळ्यांना कळत होतं.

अशात अंजनाबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला, उजव्यातलाही वाढत होता. डॉक्टरांनी सोळा डिसेंबर ही ऑपरेशनची तारीख दिली. हॉस्पिटल सदर बाजाराच्या पलीकडे होतं, फार तर दोन-अडीच किलोमीटर. अंजनाबाई सहज म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या जी. यशदीप आहे ना."

त्या भांडल्या असत्या तर मास्तरांना परवडलं असतं. कारण मोनाली झाली तेव्हा मास्तर ड्युटीवर होते. यशदीप झाला तेव्हा पुढच्या सेक्शनमध्ये मालगाडी घसरली होती, पोराचं तोंड त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं. दोन्ही वेळा अंजनाबाई एकट्या दवाखान्यात गेल्या, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी एकच वचन दिलं होतं, रिटायर झालो की तू म्हणशील तिथं तुझ्यासोबत येईन. आता रिटायर झाले होते. ड्युटी नव्हती, मालगाडी नव्हती, काहीच आड येत नव्हतं. आड येत होतं ते दोन हात उंचीचं लोखंडी फाटक.

तेव्हा त्यांनी मोनालीला फोन लावला आणि अट घातली. बोलतो मी त्या मनाच्या डॉक्टरशी, पण रायपूरचं माणूस नको. त्यांचंही खरं होतं. रायपुरातले मराठी लोक मूठभर, त्यात आपल्या समाजाचे चिमूटभर. बुढापाऱ्यात शिंकावं तर सदर बाजारातून कोणी रुमाल घेऊन येतं. मास्तरांना वेड लागलं ही बातमी एकदा सुटली की तिला सिग्नल देऊन थांबवणारं कोण होतं? मोनालीनं मोबाइलवर शोधाशोध केली. शर्मिष्ठा नावाच्या एक बाई सापडल्या. भाषा मराठी आणि हिंदी, शिक्षण पुण्याचं. मोनालीनं गृहीत धरलं की बाई पुण्याच्या, आणि वडिलांनाही तेच सांगितलं. दर मंगळवारी सकाळी दहाची वेळ ठरली.

पहिल्या मंगळवारी घरात पाहुणे येणार असल्यासारखी तयारी झाली. अंजनाबाईंनी मास्तरांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दोन कप चहा आणला. एक मास्तरांपुढे ठेवला, दुसरा फोनपुढे. पाहुणा कुठूनही येवो, त्याच्यापुढे चहा यायला पाहिजे एवढंच त्यांना माहीत होतं. पडद्यावर तिशीची, चष्मा लावलेली मुलगी दिसली. मागे पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेलं लाल हेल्मेट, त्यावर सूर्यफुलाचं स्टिकर. अंजनाबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, जय भीम मॅडम, चहा घ्या. मॅडमनीही जय भीम केला, आपला कप उचलून दाखवला आणि घेते म्हणाल्या. मग त्यांनी अत्यंत गोड शब्दांत अंजनाबाईंना खोलीबाहेर जायला सांगितलं. इथं जे बोललं जाईल ते या खोलीतच राहील, असा नियम होता.

अंजनाबाईंना राग आला, पण पाच मिनिटंच. त्या दुसरा कप उचलून बाहेर गेल्या, दाराशी पाट टाकून मटार सोलत बसल्या आणि पहाऱ्याचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. शेजारच्या सत्यभामाबाई डोकावल्या तर त्यांनी हळूच सांगितलं की साहेब मोबाइलवर रेल्वेच्या नव्या पोरांना ट्रेनिंग देऊन राहिले. दोन दिवसांत गल्लीला कळलं की रामटेके साहेबांना रेल्वेनं परत बोलावलं, आणि तेही घरबसल्या.

इकडे खोलीत मास्तरांची तऱ्हा वेगळीच होती. मॅडमनी विचारलं, झोप नीट लागते का? मास्तर म्हणाले, झोप नीट लागते का, नाही लागत. भूक? भूक लागते का, लागते. पाच-सहा प्रश्न असे झाल्यावर मॅडमनी काळजीनं विचारलं की माझा आवाज तुटतोय का. मास्तरांनी समजावून सांगितलं. कंट्रोलच्या फोनवर समोरचा जे बोलला ते आधी परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. मॅडम हसल्या. म्हणाल्या, आमच्या कामातही अगदी हेच शिकवतात. तिथून पुढे त्याही मास्तरांचं वाक्य परत म्हणून दाखवायला लागल्या, आणि स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मास्तरांना कधी हसू येई, कधी डोळे भरून येत.

चौथ्या मंगळवारी मॅडमनी विचारलं की फाटकाबाहेर जाताना नेमकं काय होतं. मास्तर सांगायला लागले.

"मॅडम, ड्युटीवर भीती नव्हती असं नाही. लय होती. पण त्या भीतीला कायदा होता. पुढच्या स्टेशनचा मास्तर लाइन क्लिअर म्हणते, वरतून एक प्रायव्हेट नंबर देते, तेव्हा मी गाडी सोडतो. त्यानं नंबर नाही दिला, तर मी गाडी हलवत नाही, मंग कोणीही ओरडो. आता सांगा, फाटकाबाहेर निघालो तर मले कोण सांगते लाइन मोकळी आहे म्हणून? जो तो आपला सुटला आहे."

प्रायव्हेट नंबर म्हणजे काय, हे मॅडमना माहीत नव्हतं. मास्तरांनी खुशीत सांगितलं. प्रत्येक स्टेशनात दोन आकडी नंबरांचा एक कागद असतो, उलटसुलट लिहिलेला. गाडीला लाइन मोकळी दिली की त्यातला एक नंबर फोनवर सांगायचा. हा पुरावा, की मी शुद्धीत आहे, मी लाइन पाहिली आहे आणि या गाडीची जिम्मेदारी आता माझी. तो कागद दुसऱ्या कोणाला दाखवायचा नसतो. एक नंबर एकदाच वापरायचा आणि काट मारायची. सांगता सांगता त्यांना सुशीलबाबू आठवले. पुढच्या स्टेशनचे मास्तर. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांना नंबर दिले, हजारो माणसं एकमेकांच्या भरवशावर पाठवली, आणि समोरासमोर भेटले ते थेट सुशीलबाबूंच्या निरोप समारंभात. तो बुटका माणूस पाहून मास्तरांना धक्काच बसला होता, कारण आवाज चांगला सहा फुटी होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "काका, नंबर मी दिला तर चालेल?"

न चालण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी त्याच दिवशी जुन्या छोट्या वहीत रेघा मारून गाडी रजिस्टर तयार केलं. मॅडमनी आपल्याकडे नंबरांचा कागद लिहिला आणि मास्तरांच्या आज्ञेनुसार त्यांनाही दाखवला नाही. दोघांनी मिळून स्टेशनं ठरवली. पहिलं गल्लीतला हातपंप, दुसरं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, तिसरं तलावाकाठचा बाक, चौथं सदर बाजाराचं तोंड आणि शेवटचं हॉस्पिटल. छाती धडधडली की पळायचं नाही. जागेवर थांबायचं, श्वास मोजायचा आणि सिग्नल मिळेपर्यंत उभं राहायचं. गाडी उभी राहिली म्हणजे काही ती बिघडली असं होत नाही, हे तर मास्तरच मॅडमना सांगू शकले असते.

हातपंपाला तीन दिवस लागले, किराणा दुकानाला दोन आठवडे. संध्याकाळी मॅडमचा मेसेज यायचा, लाइन क्लिअर, सत्तेचाळीस. मास्तर तो मोठ्यानं वाचायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे आणि चप्पल घालायचे. आल्यावर काट. अंजनाबाई काही विचारत नसत. फक्त मास्तर फाटकाबाहेर पडले की त्या ओट्यावर येऊन उभ्या राहत आणि दिसत नसलं तरी गल्लीच्या टोकाकडे पाहत राहत.

तलावावर मात्र पहिल्या दिवशी फजिती झाली. बाकावर बसताच घाम फुटला, पाय जड झाले. समोरच्या रस्त्यावर एका मुलीनं स्कूटी थांबवली, एकदा इकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. मास्तरांनी श्वास मोजले. चारशेपर्यंत मोजले असतील. मग उठले आणि सावकाश घरी आले. स्कूटीही त्याच वेळी सुरू झाली. मास्तरांनी रजिस्टरमध्ये नोंद केली: 'बाकावर गाडी १३ मिनिटं उभी. कारण, घबराहट. समोर स्कूटी, लाल हेल्मेट, ५.४२ ते ५.५५.' स्टेशन मास्तरच्या समोरून काही गेलं आणि त्यानं ते लिहिलं नाही, असं होत नसतं.

याच सवयीनं घोटाळा केला.

मंगळवारी सकाळी बुढापाऱ्यात कचरागाडी यायची. ती हाकणारा शालिग्राम मोठा फर्डा माणूस. गाडीवर गाण्याची टेप होती, पण त्याला ती पुरत नसे. मध्येच टेप बंद करून तो माइकवर स्वतः भाषण द्यायचा. मास्तर मॅडमशी बोलता बोलता समोरच्या घड्याळात पाहून कचरागाडीची वेळही लिहून ठेवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी आपल्या गल्लीतून गेली की थोड्या वेळानं फोनमधून बारीक आवाज येतो. पहिल्यांदा वाटलं, पुण्यालाही कचरागाडी असेलच. तरी त्यांनी इथली आणि फोनमधली वेळ लिहून ठेवली, दुसऱ्यांदाही ठेवली. तिसऱ्या मंगळवारी, दोन डिसेंबरला, फोनमधून शालिग्राम स्वच्छ ऐकू आला.

"दीदी, गीला अलग, सूखा अलग. कतेक घांव बताहूं?"

किती वेळा सांगू, असं शालिग्राम पुण्याला जाऊन कशाला विचारेल? मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग ऑफिशियल आवाजात म्हणाले, "मॅडम, कचरागाडी इथून दहा अठराला पास झाली. तुमच्या इथं दहा सत्तावीसला लागली. तीन मंगळवार झाले, नऊच्या नऊ मिनिटं. तुम्ही पुण्यात नाही. तुम्ही तलावाच्या त्या बाजूच्या गल्लीत बसून राहिल्या."

मग मॅडमनी चष्मा काढला, आणि इतके दिवस पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारी ती मुलगी एकदम बुढापाऱ्याची झाली.

"हव काका. मी इथलीच आहो. तुम्हाले बाहेरचं माणूस पाहिजे होतं हे मले कोणी सांगितलं नाही, मोनालीताईनंही नाही. पण तुम्ही स्टेशनं लिहून घेतली ना, तेव्हा मले समजलं का आपण एकाच पाऱ्यातले. तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. चुकलं माझं."

मास्तरांनी लाल बटण दाबलं. त्यांना राग आला होता आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आपण जे अंजनालाही सांगितलं नाही, ते या पोरीला सांगितलं. आणि ही किराण्याच्या दुकानात आपल्या मागे उभी राहत असेल. मॅडमचा मेसेज आला की तुमची एकही गोष्ट या खोलीबाहेर गेलेली नाही, तरीही तुम्हाला हवं असेल तर दुसऱ्या शहरातल्या चांगल्या बाईंचं नाव देते, निर्णय तुमचा. पुढच्या मंगळवारी दहाला फोन वाजला तेव्हा तो पोळ्यांच्या डब्यात होता.

आणि फाटक पुन्हा बंद झालं. दहा दिवस मास्तर हातपंपापर्यंतही गेले नाहीत. यशदीपनं न बोलता सोळा तारखेची सुट्टी टाकली. अंजनाबाईंनी दोन्ही वेळचा चहा केला, भाजी केली आणि तक्रार केली नाही. त्यांनी कधीच तक्रार केली नव्हती, आणि तेच मास्तरांना सगळ्यात जास्त लागत होतं.

बारा तारखेला, शुक्रवारी, न राहवून मास्तरांनी अंजनाबाईंना बसवलं आणि सगळं सांगितलं. ही मॅडम कशी खोटी निघाली, आता गल्लीभर बोभाटा कसा होईल. अंजनाबाई मटार सोलत ऐकत होत्या.

"तीन महिने झाले," त्या म्हणाल्या. "बोभाटा झाला काय?"

"होईल ना."

"आतापर्यंत तर जे काही पसरलं ते मीच पसरवलं. ते रेल्वेच्या ट्रेनिंगचं. मॅडमनं काय पसरवलं, ते दाखवा."

मास्तरांजवळ पुरावा होता. ते तावातावानं रजिस्टर घेऊन आले आणि कचरागाडीच्या नोंदी शोधायला पानं उलटू लागले. उलटता उलटता एका पानावर बोट थांबलं. समोर स्कूटी, लाल हेल्मेट, ५.४२ ते ५.५५. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि सवयीप्रमाणे परत एकदा वाचलं. लाल हेल्मेट. दर मंगळवारी मॅडमच्या मागे खिळ्याला टांगलेलं असायचं. त्या दिवशी तलावावरच्या हेल्मेटवरही पिवळं फूल होतं, आता आठवलं.

तेरा मिनिटं ती मुलगी तिथं उभी होती. तिनं हाक मारली नाही, हात केला नाही, ओळख दाखवली नाही. ते उठेपर्यंत थांबली आणि उठल्यावर निघून गेली. नंतरच्या मंगळवारी एका शब्दानं बोललीही नाही. नंबरांचा कागद कोणाला दिसू नये म्हणून उलटा धरून बसणारा मास्तर याहून वेगळं काय करतो?

"काय झालं जी?" अंजनाबाईंनी विचारलं. मास्तर फोन शोधायला लागले. तो अजून पोळ्यांच्या डब्यातच होता.

मॅडम पडद्यावर आल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. मास्तरांनी विचारलं, "तलावावर पाच बेचाळीस ते पाच पंचावन्न. काहून थांबल्या होत्या?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उठल्याशिवाय जावंसं नाही वाटलं."

"मंग आवाज काहून नाही दिला?"

"तुम्ही वळख दाखवली असती, तर दिला असता. ते तुम्ही ठरवायचं काका, मी नाही."

मास्तरांनी मान हलवली. सुशीलबाबूंचं स्टेशनही काही फार लांब नव्हतं, सात किलोमीटरच होतं. पुढचं स्टेशन जवळ असतं म्हणून कोणी त्याच्यावर अविश्वास दाखवत नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "नंबर द्या."

मॅडमनी कागद वर धरला, त्याची कोरी बाजू मास्तरांकडे करून. "लाइन क्लिअर. एकोणतीस."

शनिवारी तलाव झाला, रविवारी आणि सोमवारी सदर बाजाराचं तोंड. तोंडाशी उभं राहून मास्तर आतल्या गर्दीकडे पाहत होते. आत जायची हिंमत झाली नाही. सोमवारी संध्याकाळी त्यांनी यशदीपला सांगितलं की उद्या ड्युटीवर जा. यशदीप म्हणाला, "पापा, पक्का? मैं छुट्टी ले चुका हूं." मास्तर म्हणाले, परत दे. बापाच्या आवाजात इतक्या दिवसांनी ड्युटी ऐकून यशदीपनं वाद घातला नाही. मात्र फोन हातातून ठेवणार नाही असं त्यानं आईला सांगितलं.

मंगळवारी सकाळी मेसेज आला: लाइन क्लिअर, त्र्याऐंशी. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. अंजनाबाई ई-रिक्षात बसल्या, शेजारी मास्तर. बाजाराच्या तोंडापर्यंत सगळं ठीक होतं. मग सदर बाजार सुरू झाला, आणि बरोबर अर्ध्या रस्त्यात, त्याच सराफाच्या दुकानापुढे, रिक्षा अडकली. समोर मालाचा छोटा हत्ती टेम्पो आडवा, त्याच्या दोन्ही बाजूंनी स्कूटर घुसलेल्या, मागून हॉर्न. मास्तरांची छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या आल्या. तीच पायरी समोर दिसत होती.

अंजनाबाईंनी त्यांचा हात धरला. "परत जाऊ काय?" त्यांनी हळू विचारलं. त्यात राग नव्हता. परत चला म्हटलं असतं तर त्या खरंच आल्या असत्या, आणि पुढची तारीख यशदीपसोबत घेतली असती.

मास्तरांनी श्वास मोजला. एक, दोन, तीन. आणि मोजता मोजता त्यांना दिसलं की हा जाम नाही, ही चुकीनं लागलेली लाइन आहे. तो छोटा हत्ती चार हात मागे आला, तर डावीकडच्या सहा स्कूटर सुटतात. त्या सुटल्या की उजवीकडची हातगाडी निघते. हे एवढं सोपं कोणालाच दिसत कसं नाही, याचा त्यांना संताप आला. ते रिक्षातून उतरले. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि डावा हात आडवा केला.

"ए, रुक. तू पीछे ले. अरे भैया, तू नहीं, तू."

तो आवाज चौतीस वर्षं गाड्यांनी ऐकला होता. स्कूटरवाले थांबले. छोटा हत्ती मागे आला. सहा स्कूटर सुटल्या, हातगाडी निघाली, आणि पाच मिनिटांत सदर बाजार वाहता झाला. भीती कुठं गेली नव्हती. ती होती, पण कामाला लागली होती. सराफ दुकानातून बाहेर आला, त्यांना ओळखलं आणि विचारलं, अंकल, पानी दूं? मास्तर म्हणाले, परतीच्या गाडीला देना.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर अंजनाबाईंना हिरवा गाऊन आणि टोपी घातली. दारापाशी नर्सनं त्यांचा हात धरला, आणि तिथं त्या थांबल्या. दोन बाळंतपणं एकटीनं करून आलेली बाई ती. पण आज तिचे ओठ कोरडे पडले होते.

"मले भ्या वाटून राहिलं जी," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथंच राहान ना?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं. कदाचित याआधी विचारायला समोर कोणी नव्हतंच. मास्तरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "लाइन क्लिअर. प्रायव्हेट नंबर बासष्ट."

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं क्वार्टरच्या भिंतीपलीकडून त्यांनी हेच ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या आत गेल्या.

बाहेर बाकावर मास्तरांशेजारी एक गृहस्थ गुडघा हलवत बसले होते, बायको आत गेली म्हणून. त्यांनी घाम पुसत विचारलं की तुम्हाला टेन्शन येत नाही का. मास्तर म्हणाले, येते तर. मी दर मंगळवारी मोबाइलवर एका मॅडमशी बोलतो, त्यासाठीच. हे ते पहिल्यांदाच कोणाला सांगत होते. गृहस्थांनी लगेच खिशातून पेन काढून विचारलं, नाव काय मॅडमचं? मास्तर म्हणाले, त्यांना विचारून सांगतो.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. अंजनाबाईंच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्यानं त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात पुढे केला तो भलत्याच बाजूला. मास्तर उठून त्या बाजूला गेले.

"बासष्ट," अंजनाबाई म्हणाल्या.

"बासष्ट," मास्तरांनी परत म्हटलं. मग त्यांनी त्यांना बाकावर बसवलं, खिशातून रजिस्टर काढलं, गाडी पोचल्याची वेळ लिहिली आणि नंबरावर काट मारली.